जुनं साल, जुनी देणी

पोरं संध्याकाळी आली तेव्हा अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. विशीतली तिघं. एकाच्या मोबाईलवर नव्या जर्सीचं डिझाइन होतं. छातीवर क्लबचा लोगो, तोच जुना, फक्त कॉम्प्युटरवर नीट आखून घेतलेला. लोगोखाली 'स्थापना' असं लिहून पुढं जागा रिकामी सोडलेली. प्रिंटिंगवाला अडून बसलाय म्हणाली. "अप्पा, साल तेवढं सांगा की. जुनंच टाकूया न्हवं?" अप्पा, माझे वडील, सांगलीतल्या आमच्या जुन्या फुटबॉल क्लबचे शेवटचे खजिनदार. क्लब बंद पडून इतका काळ लोटला तरी तो पुन्हा उभा करताना या पोरांना त्यांची आठवण झाली, याचं मला फार बरं वाटलं. मी चहा टाकायला आत वळले होते. अप्पांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरून ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जुनं साल घेताय, मग जुनी देणी कोण घेणार?"

पोरं हसली. त्यांना वाटलं, अप्पा गंमत करतायत. अप्पा हसले नाहीत. चहा पिऊन पोरं गेली, साल तसंच राहिलं. अप्पांचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. क्लबचं नाव आणि ते साल मी इथं लिहीत नाही. सांगली काही फार मोठं गाव नाही, आणि या गोष्टीत ज्यांचं देणं आहे आणि ज्यांचं येणं आहे, ती सगळी माणसं अजून बाजारात एकमेकांना भेटतात.

सांगली म्हटलं की लोकांना कृष्णा, हळद आणि कुस्ती आठवते. कवठेपिरानच्या मारुती मान्यांचं नाव घेतलं की इथला माणूस आजही ताठ बसतो. फुटबॉल म्हटलं की सगळे कोल्हापूरकडं बोट दाखवतात, आणि ते खरंच आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस; तिथं पेठापेठांतल्या तालमींनी हा खेळ असा काही उचलला की शाहू स्टेडियमवर फायनलला मुंगी शिरायला जागा नसते. आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर एवढं चाललंय आणि आपण नुसतं बघायला एसटीनं जायचं का, या खुमखुमीतून आमचा क्लब निघाला असं अप्पा सांगतात. तालीम नव्हती, पेठ नव्हती, पाठीशी कुणी राजा नव्हता. एक मैदान, चार लोखंडी पाईप आणि पावतीपुस्तक. पावतीपुस्तक अप्पांकडं, कारण ते सरकारी नोकरीत कारकून होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं.

माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे विश्रामबागेतल्या आमच्या अंगणात दोरीवर वाळणाऱ्या जर्स्या. निळ्या, पिवळ्या कॉलरच्या. आई मोठ्या घमेल्यात सोडा टाकून त्या भिजत घालायची आणि काळ्या मातीचं पाणी पुन्हा पुन्हा ओतून द्यायची. गोलीची जर्सी वेगळी, हिरवी, दोन्ही कोपरांवर ठिगळं लावलेली. ती ठिगळंही आईनंच लावलेली. कपडे वाळेपर्यंत अंगणात आयोडेक्सचा वास राहायचा. मॅच असली की अप्पा अंधारात उठून फक्की मारायला जायचे. परत यायचे तेव्हा पायजम्याचे गुडघे पांढरे आणि बोटांच्या भेगांत चुना. मध्यंतराला लिंबाच्या फोडी आणि मीठ घेऊन मैदानात पळायचं काम माझं होतं. मुलीनं मैदानात का जायचं, असं तिथं मला कुणी विचारलं नाही. माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याच मुलीला तिथं कुणी बोलावलं नाही, हे मात्र मला फार उशिरा लक्षात आलं.

वर्गणी मागायला अप्पा मला सायकलवर पुढं बसवून न्यायचे. हळदीचे अडते एकावन्न द्यायचे, भडंगवाला अकरा रुपये आणि माझ्या हातात मूठभर भडंग. सायकल दुरुस्तीवाले चाचा पाच रुपये द्यायचे आणि पावती नको म्हणायचे. अप्पा तरी पावती फाडायचेच. "चाचा, पैसे तुमचे हायत. उद्या इचारलं तर दाखवायला पाहिजे." रात्री जेवण झालं की लाल कापडी बांधणीची कीर्द उघडायची, पाच रुपयेसुद्धा जमेला. खर्चाच्या बाजूला ब्लॅडर, फक्की, बर्फ, टेम्पो भाडं, पंचांचं मानधन. त्या वहीत आईनं लावलेल्या ठिगळांची नोंद कधी झाली नाही.

क्लब बुडाला तो एका हंगामात. मोठी स्पर्धा भरवायची टूम निघाली. प्रकाशझोतातल्या मॅचेस, बाहेरगावचे नामांकित संघ, त्यांची राहण्याची, जेवणाची सोय, लाकडी गॅलरी, मंडप, जनरेटर, बक्षिसाची घसघशीत रक्कम. प्रायोजकानं शब्द दिला होता, तो ऐनवेळी फिरला. अवकाळी पावसानं सेमीफायनल धुऊन नेली आणि तिकिटांचे पैसे परत करायची वेळ आली. तरी ते निभावलं असतं, कारण क्लबची थोडीफार ठेव होती. ती ज्या पतसंस्थेत होती तिच्या दाराला त्याच वर्षी कुलूप लागलं. सांगली जिल्ह्यात ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना मी आणखी काही सांगायला नको. बंद शटरसमोर पासबुक छातीशी धरून उन्हात बसलेली म्हातारी माणसं मी शाळेत जाता-येता पाहिली आहेत. त्या गर्दीत एक दिवस मला अप्पा दिसले.

मग जे होतं ते झालं. अध्यक्षांनी तब्येतीचं कारण दिलं, कार्यकर्ते पांगले, चांगले खेळाडू कोल्हापूरला गेले. मंडपवाले, जेवणवाले, खेळाचं सामान उधार देणारे दुकानदार आमच्या दारात आले, कारण बिलांवर सही खजिनदाराची होती. अप्पांनी ऑफिसच्या पगारदार सोसायटीतून कर्ज काढून काहींचं भागवलं, काहींचं राहिलं. हप्ता परस्पर पगारातून कापला जायचा. आईनं त्याच वर्षी शिवणाचं मशीन घेऊन ब्लाऊज शिवायला सुरुवात केली. घरात भांडण झालेलं मला आठवत नाही. फक्त अंगणातली ती जास्तीची दोरी एक दिवस काढून टाकलेली होती.

बरीच वर्षं आमच्या घरात फुटबॉल हा शब्दच निघाला नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. विश्रामबाग वाचलं, गावभाग गेला. क्लबची जुनी खोली गावभागात तळमजल्यावर होती. भाडं कुणी देत नव्हतं, मालकानं दयेनं ठेवलेली. पाणी उतरल्यावर अप्पा म्हणाले, जाऊन येऊ. आत गुडघाभर चिखल होता आणि त्याचा तो वास, ज्यांनी पूर पाहिलाय त्यांच्या नाकातून तो कधीच जात नाही. लाकडी ढाली फुगून उकलल्या होत्या. संघाचे फोटो काचेसकट लगदा झाले होते. घटना, पहिल्या सभेचं इतिवृत्त, नोंदणीची कागदपत्रं ज्या कपाटात होती ते कपाट आडवं पडलेलं, आणि आत हात घातला तर नुसता गाळ. क्लब अमुक साली जन्मला याचा होता नव्हता तो पुरावा नदीनं नेला. कीर्द मात्र आमच्या माळ्यावर होती. क्लब बंद पडला तेव्हा अप्पांनी ती कुणाच्या ताब्यात दिलीच नव्हती. घ्यायला कुणी आलंच नव्हतं.

त्या महिन्यात सगळं गाव झाडू आणि खराटे घेऊन चिखल ढकलत होतं. आमचीही दुपार नातेवाइकांच्या घरी भिंती धुण्यात जायची. रात्री कंबर मोडलेली असताना मोबाईलवर एक फोटो दिसला. इंग्लंडमधलं एक जुनं स्टेडियम, आणि पायऱ्यांवर झाडू, बादल्या घेऊन साफसफाई करणारी साधी माणसं. मला क्षणभर वाटलं, यांच्याकडंही पूर आला की काय. तो बेरी एफसी नावाचा क्लब होता.

मँचेस्टरजवळचं हे कापड गिरण्यांचं गाव. क्लब 1885 चा. 1903 मध्ये त्यांनी एफए कप या इंग्लंडमधल्या मानाच्या स्पर्धेची फायनल 6-0 नं जिंकली होती आणि फायनलमधल्या एवढ्या मोठ्या फरकाची बरोबरी मँचेस्टर सिटीनं केली ती थेट मे 2019 मध्ये. त्याच हंगामात बेरीच्या खेळाडूंनी पगार थकलेले असताना संघाला वरच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत चढवलं होतं. क्लब मात्र कर्जात बुडालेला. आधीच्या डिसेंबरमध्ये तो एका पौंडाला विकला गेला होता. एक पौंड ऐकून गंमत वाटते, पण विकत घेणाऱ्याच्या पदरात पडतं ते कर्ज, म्हणून किंमत एक नाणं. ऑगस्टअखेर नवा खरेदीदार येणार अशी आशा होती, म्हणून शेकडो लोक मैदान झाडायला जमले होते. खुर्च्या पुसून झाल्या आणि त्याच दिवशी खरेदीदारानं हात वर केले. एका माजी संचालक बाईंनी स्वतःला स्टेडियमच्या पाईपला साखळीनं बांधून घेतलं. 27 ऑगस्टच्या रात्री लीगनं बेरीला काढून टाकलं. 1894 पासून ज्या लीगमध्ये ते खेळत होते, तिथून.

तो फोटो मी अप्पांना दाखवला. त्यांनी विचारलं, "झाडायला आले, ते मालक हायत का?" मी म्हटलं, नाही, बघे आहेत. "मग झालं. तेच परत उभा करतील," ते म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पुढं मी बेरीच्या बातम्या शोधून वाचत राहिले. आपल्या घरचं काहीतरी तिथं चाललंय असं वाटायचं.

अप्पा म्हणाले तसंच झालं, पण सरळ झालं नाही. चाहत्यांनी लगेच बेरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला, आणि तो 2020 मध्ये दहाव्या श्रेणीत, शेजारच्या गावाच्या मैदानावर खेळायला लागला. ज्या लोकांनी तिसरी श्रेणी मिळवल्याचा जल्लोष केला होता तेच आता मोजक्या प्रेक्षकांच्या मैदानांवर जाऊन उभे राहायचे. दुसऱ्या गटाचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना गिग लेनवरचं जुनं मैदान आणि जुनं नाव सोडवून आणायचं होतं, आणि 2022 मध्ये त्यांनी सरकारी निधी, देणग्या गोळा करून ते सोडवलंही. आता एका गावात एकाच क्लबचे दोन वारस झाले, एकाकडं संघ आणि दुसऱ्याकडं मैदान आणि नाव. एकत्र येण्यासाठी मतदान झालं तेव्हा एका बाजूला लागणारं बहुमत थोडक्यात हुकलं. आपल्या गावातल्या कुठल्याही मंडळात घडावं तसंच. काही महिने अबोला, टोमणे, आणि 2023 मध्ये पुन्हा मतदान होऊन दोन्ही गट एक झाले. त्या हंगामापासून बेरी एफसी गिग लेनवर खेळतो आहे, 2025 मध्ये एक पायरी चढून आठव्या श्रेणीत गेला आहे, आणि एवढ्या खालच्या श्रेणीतल्या मॅचला तिथं हजारो लोक येतात.

इटलीतल्या पार्माचंही असंच. युरोपातले मोठे कप जिंकलेला क्लब, 2015 मध्ये सुरक्षारक्षकांना द्यायला पैसे नाहीत म्हणून त्यांची मॅच पुढं ढकलावी लागली. तोही एका युरोला विकला गेला, दिवाळं निघालं, चौथ्या श्रेणीत नवी नोंदणी करावी लागली. त्या नव्या क्लबनं आपल्या नावातच साल घातलं, पार्मा काल्चो 1913. लागोपाठ तीन वर्षं वर चढत 2018 मध्ये ते पहिल्या श्रेणीत परतले. पोरांनी जर्सीवर जुनं साल टाकायचं म्हटलं त्यात वावगं काहीच नव्हतं, हे मला पार्मामुळं कळत होतं. आणि तरी अप्पांचा प्रश्न तसाच राहत होता.

आपल्याकडं मोठे क्लब गेले ते परत आलेच नाहीत. पंजाबमधल्या जेसीटी या कंपनीच्या संघानं 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, 2011 मध्ये कंपनीनं संघ बंद केला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड त्याच्या आदल्या वर्षीच, 2010 मध्ये, बंद झाला होता. त्यांना कर्ज नडलं नव्हतं. कंपनीला नको झालं आणि संपलं. हळहळणारे खूप होते, पण पाच रुपयांची पावती हातात असलेला माणूस कुणी नव्हता. वरून आलेला पैसा वर निघून गेला की खाली झाडू घेऊन जमायला कुणाला हक्कच वाटत नाही. मला वाटतं, अप्पा चाचांना जबरदस्तीनं पावती द्यायचे ते यासाठी. त्यांनी असं कधी सांगितलं नाही, हे माझं मीच लावते.

मधल्या काळात पोरांनी वकिलाला गाठलं. जुनी संस्था धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी अजून आहे. मेलेली नाही आणि जिवंतही नाही. ऑडिट रिपोर्ट वर्षानुवर्षं दाखल नाहीत, कार्यकारिणी बदलल्याचा चेंज रिपोर्ट कधी दिलेला नाही, यादीतली निम्मी माणसं आता हयात नाहीत. ती जागी करायची तर आधी हे सगळं निस्तरायचं. त्यापेक्षा सात जणांच्या सह्या घेऊन नवी संस्था नोंदवणं सोपं. पोरांनी तेच केलं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. पण नवी संस्था म्हणजे कागदावर सालही नवं आणि देणंही शून्य. जर्सीवर मात्र जुनं साल हवं. अप्पांनी नेमकं त्याच सांध्यावर बोट ठेवलं होतं.

पोरं पुन्हा आली तेव्हा अप्पांनी माळ्यावरून कीर्द काढून ठेवली होती. त्यांनी राहिलेल्या देण्यांची नावं एकेक करून वाचून दाखवली. रकमा आज ऐकताना लहान वाटतात. एक पोरगं उसळून म्हणालं, "अप्पा, तवा आमचा जन्म पण झाला नव्हता. आमी का फेडायचं?" मला त्याचं पूर्ण पटलं. ही पोरं कुरिअर टाकतात, गॅरेजमध्ये काम करतात, स्वतःच्या पैशानं बूट घेतात. दुसऱ्यांनी घातलेला खड्डा त्यांनी का भरावा? अप्पा शांतपणे म्हणाले, "फेडू नका. नवं साल टाका, नवं नाव घ्या, मी पहिली वर्गणी देतो. पण तुमाला जुन्या क्लबच्या फायनलमधला गोल पण आपला म्हणायचाय. तो गोल झाला तवा तरी तुमचा जन्म कुठं झाला हुता?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. इतका वेळ मी पोरांच्या बाजूनं होते.

पोरांनी आपसात काय बोलणं केलं मला माहीत नाही. एवढं खरं की ती यादी त्यांनी मोबाईलवर फोटो काढून नेली आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. खेळाच्या सामानाच्या दुकानदारांनी हात जोडले, म्हणाले मी ते केव्हाच सोडून दिलंय, फक्त आता रोखीनं घ्या. मंडपवाले वारले. त्यांचा मुलगा धंदा बघतो. त्यानं पोरांना बसवून घेतलं, जुनी फाईल काढली, रक्कम ताडून पाहिली, पहिला हप्ता मोजून घेतला आणि रीतसर पावती दिली. दयामाया नाही, चौकशी नाही. अप्पांना तो सगळ्यात आवडला. जेवणवाल्यांचा पत्ताच लागत नाही, त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्यांचे पैसे वेगळे काढून ठेवायचे असं ठरलंय. जर्सीवर या हंगामात कुठलंच साल नाही. यादी संपेल तेव्हा जुनं टाकायचं, असं पोरांचं पोरांनीच ठरवलं. अप्पांनी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं.

परवा त्यांची मॅच बघायला मी आणि आई गेलो. ती जर्सी बघून मला आनंद झाला आणि थोडं परकंही वाटलं. निळा रंग जास्त भडक आहे, कापड तासाभरात वाळणारं, कॉलर नाहीच. पोरं चांगली पळतात पण पासिंग नाही, आणि मध्यंतरानंतर दोन गोल खाल्ले. ओळखीचं असं मैदानात काहीच नव्हतं. मग कॉर्नरला एका पोरानं बॉल ठेवायच्या आधी वाकून फक्कीची रेघ बोटानं सारखी केली आणि माझा घसा भरून आला. मैदानाच्या कडेला पाच-सहा शाळकरी मुली स्टॉकिंग्ज चढवून त्यांच्या सरावाची वेळ व्हायची वाट बघत होत्या. आमच्या वेळच्या क्लबात ही गोष्ट नव्हती. जुनं सगळंच तसंच परत यावं असं मला वाटत नाही, ते त्या मुलींमुळं.

घरी आल्यावर आईनं कीर्द मागितली. देण्यांच्या यादीवरून बोट फिरवत तिनं शांतपणे विचारलं, "ह्यात आपलं नाव कुठं हाय?" अप्पांनी सोसायटीचं कर्ज काढून भागवलेले पैसे त्यांनी वहीत क्लबला देणगी म्हणून जमा दाखवले आहेत. मी म्हटलं, ती देणगी नव्हती, तो आपल्या घरचा पगार होता. पोरांना ते कळायला पाहिजे. त्यांनी ते फेडावं असं माझं म्हणणं नाही, पण नोंद खरी हवी, आणि नोंद करायची तर शिवणाच्या मशीनचीही करावी लागेल. अप्पा म्हणतात, दिलं ते दिलं, खजिनदारानं स्वतःचं नाव येण्यात लिहायचं नसतं. आई म्हणते, मग मी लिहिते, मी कुठं खजिनदार आहे. वही सध्या तिच्याकडं आहे आणि अप्पा रोज ती परत मागतात.